गुडघ्याची पावडर आणि जिममधली बाटली

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, प्रथिनांच्या घटकांची, छोटी साखळी. दोन्ही पेप्टाइडच म्हणून कोलॅजेनची पावडर आणि दुखापत भरून यावी म्हणून काही जिमवाले वापरतात ते बीपीसी-१५७ काही जण एकाच मापाने मोजतात, म्हणून लिहितो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कोलॅजेनची पावडर मी गुडघ्यासाठी घेतली, रोज १० ग्रॅम. ठाण्यात येऊरच्या डोंगराचा उतार उतरताना डावा गुडघा कुरकुरायचा. पावडर माशाच्या खवल्यांची, कोमट पाण्यात ढवळली की हलकासा सुक्या बोंबलाचा वास. चहात मात्र खपून जाते. (सासूबाईंनी डब्यावरचं तपकिरी चिन्ह पाहिलं आणि डब्याची रवानगी देवघराशेजारच्या फडताळातून थेट बाल्कनीत झाली.) दोनेक महिन्यांत दुखणं कमी झालं खरं, पण तेव्हाच फिजिओ मांडीचे व्यायाम करून घेत होती. श्रेय मी तिलाच देतो. गिळलेलं कोलॅजेन पोटात पचतं, ते उठून सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही.

बीपीसीचं प्रकरण वेगळं. घोडबंदर रोडला आमच्या जिममध्ये एकाने बाटली दाखवली. तळाशी सुकवलेल्या औषधाची पांढरी चकती, लेबलवर ‘फक्त संशोधनासाठी’. १५ अमिनो आम्लांची ही साखळी. स्नायुबंध भरून आल्याचे बहुतेक प्रयोग उंदरांवरचे. वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने २०२२ पासून त्यावर बंदी घातली आहे, स्पर्धेत उतरणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. ‘इन्सुलिनही पेप्टाइडच की’ असं कुणी म्हणेल, तर ते बरोबर, पण इन्सुलिन मेडिकलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, जिमच्या लॉकरमधून नाही.

आणि ज्यांना किडनीचा त्रास आहे, त्यांनी साधी पावडरही डॉक्टरांना विचारूनच घ्या. शेवटी तीही प्रथिनंच.