मदत हवी आहे : बारा बोअरचा बार लागूनही रानडुक्कर निघून जाते, काडतूस बदलावे का?

अनेरकाठ
नमस्कार. आमचे शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आहे. मका दाण्यावर आला की रात्री डुकरांचा कळप उतरतो आणि खातो त्याहून अधिक आडवा करून जातो. वनखात्याची रीतसर परवानगी हातात आहे, परंतु तिची मुदत संपत आली आहे. परवा एका मोठ्या नरावर बारा बोअरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीतून एलजीचा, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसाचा, बार टाकला. तो जागेवर बसला, लगेच उठला आणि मक्यात शिरला. सकाळी थोडे रक्त दिसले, पुढे माग लागला नाही. दुकानदार म्हणतो एलजी सोडून स्लग (एकाच जड गोळीचे काडतूस) घ्या, मावसभाऊ म्हणतो .३१५ रायफलचा परवाना काढा. मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे : कोणते काडतूस घ्यावे? झटका मशीन लावून झाले आहे, त्यामुळे तो सल्ला कृपया देऊ नये.

जुना नेमबाज
भाऊ, आपण काडतुसाचे नाव सांगितले, पण ज्यावरून उत्तर ठरते ते काहीच सांगितले नाही. अंतर किती होते? जनावर आडवे उभे होते, समोरून होते की पाठमोरे? आपण जमिनीवर होता की माळ्यावर? बंदूक एकनळी की दुनळी, आणि कोणत्या नळीतून बार गेला? रक्त कोणत्या रंगाचे होते? एवढे समजल्याशिवाय काडतूस सुचवणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

तोरणमाळ
यात विचारण्यासारखे काही नाही. मोठ्या डुकरावर छर्रे टाकूच नयेत. .३१५ ची २४४ ग्रेनची मऊ टोकाची गोळी सुमारे १६ ग्रॅमची असते. ती अंगात शिरली की फुलते आणि तरीही खोल जाते. याच रायफलीची पूर्ण कवच असलेली गोळी मात्र घेऊ नये, कारण ती फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जनावर मैलभर पळते. इंग्रजांच्या काळात .३०३ ही फौजेची गोळी असल्यामुळे सामान्य माणसाला मिळत नसे, म्हणून .३१५ हा बोअर (नळीच्या तोंडाचे माप) आपल्याकडे रुजला. आजही .३०३ प्रतिबंधित बोअरमध्येच मोडते. शिकारी जिम कॉर्बेट यांना १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली होती आणि ती तर .३१५ पेक्षाही लहान तोंडाची. सांगायचे हे की रायफल ती रायफल.

जुना नेमबाज
तोरणमाळ, कॉर्बेट यांच्या रायफलीने अनेरकाठ यांचा मका वाचणार नाही. त्यांची परवानगी काही दिवसांत संपणार आहे आणि रायफलचा परवाना त्या मुदतीत हातात पडेल असे आपल्यालाही वाटत नसावे. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये, संरक्षणासाठी वा शिकारीसाठी वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची गुळगुळीत बंदूक आणि पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे. रायफल त्या सवलतीत बसत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : तापीच्या सपाट खोऱ्यात रायफलची चुकलेली गोळी मैलभर पलीकडेही माणसाचा जीव घेऊ शकते, आणि आपल्याकडे दर चार शेतांआड कोणीतरी जागलीला झोपलेले असते.

वनपाल निवृत्त
मी या खात्यात नोकरी केली आहे, म्हणून काडतुसाआधी कागदाविषयी लिहितो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे, आणि आपल्याला मिळालेली परवानगी हा कलम ११ मधला अपवाद आहे. त्या कागदावर कोणते जनावर, कोणते क्षेत्र, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या हातून, हे जेवढे लिहिले असेल तेवढेच चालते. रात्रीच्या वेळेविषयी काय लिहिले आहे तेही वाचावे. मेलेले जनावर ही सरकारी मालमत्ता असते. त्याचे मांस वाटणे हा स्वतंत्र गुन्हा होतो. जखमी होऊन गेलेल्या नराची माहिती वनरक्षकाला दिली आहे का? ते जनावर अजून जिवंत असेल तर उद्या मका सोंगायला जाणाऱ्या बायामाणसांवर धावून जाईल.

अनेरकाठ
वनरक्षकांना त्याच सकाळी फोन केला होता. त्यांच्यासोबत मक्याच्या कडेने फिरलो, काही सापडले नाही. कागद पूर्ण नियमाप्रमाणे आहे, त्यामुळे तो विषय येथे थांबवावा. नेमबाज साहेबांच्या प्रश्नांची उत्तरे : माळ्यावर होतो. अंतर पंचेचाळीस पावले असेल. जनावर थोडे तिरके, तोंड माझ्याकडे. बंदूक दुनळी, आजोबांच्या वेळची. बार डाव्या नळीतून टाकला. बॅटरीच्या उजेडात पाठीचे केस उभे दिसत होते, त्याच्या थोडे खाली नेम धरला. रक्त लाल होते, रक्त असते तसे. आता तरी काडतूस सांगावे.

जुना नेमबाज
आता बोलता येईल. आपला बार वर लागला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डुकराच्या मानेमागे जो उंचवटा दिसतो तो बहुतांशी केस, चरबी आणि मणक्यावरची उभी हाडे यांचा असतो. खुद्द कणा खांद्याजवळ बराच खाली उतरलेला असतो. त्या उभ्या हाडांना एखादा छर्रा चाटून गेला तर जनावर विजेचा धक्का बसल्यासारखे कोसळते आणि काही क्षणांत उठून चालू लागते. आपण नेमके हेच वर्णन केले आहे. अशा बाराने आत काही तुटत नाही, म्हणून रक्तही थोडेच सांडते.

डुकराचे हृदय फार खाली असते, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, पुढच्या दोन पायांच्या मध्ये. फुप्फुसे त्याच्या वर आणि थोडी मागे, परंतु हरणाच्या फुप्फुसांइतकी मागे पसरलेली नसतात. हरणावर शिकलेला माणूस सवयीने फऱ्यामागे चार बोटे नेम धरतो आणि डुकराच्या यकृतात किंवा पोटात बार घालतो. आडव्या उभ्या डुकरावर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर यावे आणि छातीच्या उंचीच्या एक तृतीयांशावर थांबावे. माळ्यावरून मारताना याच जागी नेम धरून चालत नाही. गोळी वरून खाली जाणार असल्यामुळे ती पलीकडच्या बगलेत, खालच्या बाजूला निघाली पाहिजे, एवढे मनात धरून शिरण्याची जागा थोडी वर घ्यावी लागते. माळ्याचा मोठा फायदा हा की चुकलेली गोळी मातीतच जाते.

तोंड आपल्याकडे असलेल्या तिरक्या नरावर मी छर्रे मुळीच टाकणार नाही. म्हाताऱ्या नराच्या फऱ्यावर कातडीखाली चिवट कूर्चेची ढाल असते आणि गोल शिशाचा छर्रा वेग पटकन गमावतो. एलजीचे छर्रे एका औंसात सहा बसतात, एसजीचे आठ, आणि पंचेचाळीस पावलांवर त्यातला एखादाच छातीत जातो. अंतर वीस-पंचवीस पावलांवर आणावे, जनावर आडवे होईपर्यंत थांबावे आणि हेच एलजी वापरावे. माझे उत्तर एवढेच आहे.

शिरपूरकर
नेमबाज साहेबांचा अनुभव मोठा आहे, परंतु रात्री डुक्कर आपल्या सोयीने वीस पावलांवर येऊन आडवे उभे राहत नाही. वाऱ्याची झुळूक फिरली की कळप गेला. म्हणून दुकानदाराचे म्हणणे योग्य वाटते. स्लग एका औंसाची, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमची एकच गोळी असते. ती ढाल फोडते आणि पन्नास पावलांवरही छातीत बसते. छर्ऱ्यांचा पसारा ही जखमी जनावरे निर्माण करण्याचीच पद्धत आहे, असे मी म्हणेन.

जुना नेमबाज
पन्नास पावलांवर छातीत बसते ती नेम धरायला पुढे माशी आणि मागे खाच असलेल्या आणि त्या काडतुसाने तपासून घेतलेल्या बंदुकीतून. दुनळीला पुढे केवळ एक मणी असतो आणि दोन्ही नळ्या एकाच जागी मारतील याची हमी नसते. दुनळीत बहुधा डाव्या नळीला घट्ट चोक, म्हणजे तोंडाशी आवळलेला भाग, असतो. तिच्यातून कोणतीही स्लग चालत नाही, काडतुसाच्या खोक्यावर बनवणाऱ्याने तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच चालते. छर्रे असोत की स्लग, आधी कागदावर बार टाकून पाहावा, आणि तो गावाच्या कडेला नव्हे तर रायफल क्लबच्या मैदानावर.

मकामालक
एवढ्या चर्चेची आवश्यकता नाही. बांधावर तार ओढून रात्री मोटारीच्या लाईनवरून करंट सोडावा. सकाळी हिशोब मिळतो.

वनपाल निवृत्त
हा प्रतिसाद वाचून कोणी तसे करू नये. झटका मशीन क्षणभराचा मर्यादित झटका देते. मोटारीची लाईन तारेत सोडणे म्हणजे पहाटे पाणी भरायला येणाऱ्या शेजाऱ्यासाठी सापळा लावणे. अशा तारेला चिकटून माणसे, गुरे आणि बिबटे मेलेले आहेत, आणि माणूस मेला तर गुन्हा सदोष मनुष्यवधाचा लागतो.

अनेरकाठ
तार वगैरे मी करणार नाही. नेमबाज साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे क्लबवर जाऊन आलो. पुठ्ठ्यावर डुकराच्या छातीएवढे वर्तुळ काढले होते. पंचेचाळीस पावलांवर वर्तुळात एकच भोक, बावीस पावलांवर जवळपास सगळी. तेथील एका गृहस्थांनी मात्र बंदूक उघडून पाहिली आणि आणलेली काडतुसे पुन्हा भरू दिली नाहीत. नळीच्या बुडाशी अडीचचा आकडा कोरलेला आहे, असे ते म्हणाले. काडतूस तर नळीत व्यवस्थित बसते, मग अडचण कसली?

जुना नेमबाज
त्या गृहस्थांचे आभार माना. अडीच इंचाचे घर (नळीत काडतूस बसते ती जागा) म्हणजे ६५ मिलिमीटरचे काडतूस. आपल्या खोक्यावर बहुधा ७० लिहिलेले असेल. काडतुसाची लांबी ही बार उडून तोंड उलगडल्यानंतरची मोजलेली असते. न उडालेले ७० चे काडतूस मिटलेले असल्यामुळे ६५ च्या घरात सहज बसते, पण बार उडताना उलगडलेले तोंड घराच्या पुढच्या अरुंद भागात अडते आणि नळीतला दाब वाढतो. जुन्या नळीला तो एखादे दिवशी सोसणार नाही. काडतूस बसते याला म्हणूनच काही अर्थ नाही.

शिरपूरकर
हे मात्र मान्य करावे लागेल. मग माझा स्लगचा आग्रहही या बंदुकीपुरता मागे घेतो, कारण बाजारात दिसणाऱ्या स्लग बहुतेक ७० च्याच असतात.

तोरणमाळ
म्हणूनच मी आरंभापासून .३१५ म्हणत होतो.

अनेरकाठ
खोक्यावर ७० च आहे. म्हणजे मी विचारले तेच खरे निघाले, काडतूस बदलायचेच आहे.

जुना नेमबाज
होय. ६५ चे एलजी घ्यावे, परंतु त्याआधी परवानाधारक कारागिराकडून नळ्यांची जाडी, आतला गंज आणि सांधा तपासून घ्यावा. नळ्यांवर वळणावळणाची नक्षी दिसत असेल तर त्या जुन्या पद्धतीने पोलाद-लोखंडाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या असतात. तशा असल्यास तपासणी होईपर्यंत ६५ चेही भरू नये. पुढच्या वेळी जनावर जखमी होऊन गेले तर रात्री मक्यात शिरू नये. डुक्कर सुळ्यांनी खालून वर फाडते आणि मांडीची मोठी शीर तुटली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही. सकाळी रक्त नीट पाहावे : फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, गर्द काळपट असेल तर यकृत, आणि हिरवट, वास येणारे असेल तर पोट. पोटाला लागलेल्या जनावरामागे घाईने गेलात तर ते आणखी दूर जाते.

तापीबेट
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्याकडे डुकरे कमी, रोह्यांचा (नीलगाईंचा) त्रास अधिक आहे. हेच सर्व रोहीला लागू होईल का?

वनपाल निवृत्त
रोहीचे नाव आपल्या परवानगीत आहे का, हे आधी सांगावे. डुकराच्या कागदावर रोही मारता येत नाही.

तापीबेट
कागद अजून काढलेला नाही. अर्ज कोणाकडे करावा लागतो?

वनपाल निवृत्त
आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे, सातबारा आणि नुकसानीच्या पंचनाम्यासह. बंदुकीचा विषय त्यानंतर काढावा, आणि त्यासाठी वेगळा धागा सुरू करावा.