दुःख नाही तर सोल नाही? ('डीकन'च्या निमित्ताने)

पायमोजा:
'सध्या काय ऐकताय' या धाग्यात धोंडोपंतांनी सर्पेंटविथफीट (खरं नाव जोसाया वाइझ) या सोल संगीत गाणाऱ्या अमेरिकन गायकाचा 'डीकन' हा अल्बम एका वाक्यात निकालात काढला : 'वेदनेशिवाय सोल म्हणजे फोडणीशिवाय वरण.' वर शेपूट, 'आणि दोघं पुरुष आहेत हे दर गाण्यात किती वेळा सांगायचं?' दोन दिवस गप्प बसलो, पण राहवत नाही.

पंत, त्याचा पहिला अल्बम 'सॉइल' (२०१८) तुम्हीच मला पाठवला होतात. त्यात शोक होता, प्रियकर सोडून जाईल ही धास्ती होती, तेव्हा तुम्ही डोक्यावर घेतलात. बाल्टिमोरचा, चर्चमध्ये गात वाढलेला तोच जोसाया वाइझ २०२१ मध्ये दुसऱ्या अल्बममध्ये जरा सुखात दिसला तर तुम्हाला खुपलं. ११ गाणी. कुणी मरत नाही, कुणाला बाप घराबाहेर काढत नाही. एका गाण्याचा विषय काय, तर याच्या आणि त्याच्या पायाचं माप एकच आहे! मध्येच तोंडाने ट्रम्पेट वाजवतो, मोरीत एकटं असताना वाजवावं तसं. दुसऱ्या एका गाण्यात कुणाच्या तरी दाढीची आठवण येतेय, बस्स. दोन ब्लॅक पुरुषांचं प्रेम तुम्हाला फक्त अंत्ययात्रेतच चालतं का?

धोंडोपंत:
अंत्ययात्रा माझ्या तोंडी घालू नका. माझी तक्रार आवाजाची आहे. 'सॉइल'मध्ये तो स्वतःच्याच आवाजाचे थर रचून एकटा अख्खा क्वायर व्हायचा, अंगावर यायचा. इथे सगळं गुळगुळीत. जेवायला बसलं की नुसती बासुंदी वाढतात, पोळी नाहीच.

आणि २६ मार्च २०२१ ला, म्हणजे 'डीकन' आला त्याच दिवशी, रॅपर लिल नास एक्स आपल्या व्हिडिओत सैतानाच्या मांडीवर नाचला. तोही समलिंगी, तोही कृष्णवर्णीय. त्याने निदान धुरळा तरी उडवला.

चहाबाज:
अर्ध्या तासाच्या ऐवजाला अल्बम म्हणतात हल्ली? आमच्या वेळी कॅसेटची एक बाजू तेवढी असायची. पैसे मात्र दोन्ही बाजूंचे.

नाका नंबर सात:
पंत, 'कृष्णवर्णीय' कशाला? ब्लॅक लिहा.

शुद्धलेखनभास्कर:
मराठीत लिहिताना मराठी शब्द वापरला म्हणून आता माफी मागायची का? 'कृष्णवर्णीय' सभ्य शब्द आहे.

नाका नंबर सात:
सभ्य आहे, तेच तर दुखणं आहे. साठच्या दशकात त्यांनी 'निग्रो' टाकला आणि 'ब्लॅक' छाती काढून घेतला. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी त्यांच्या 'ब्लॅक पँथर'वरूनच नाव घेतलं, तेव्हा 'पँथर'चं भाषांतर केलं नाही. 'दलित बिबट्या' म्हणून बघा एकदा मोठ्याने.

शुद्धलेखनभास्कर:
विषय गाण्यांचा. तुम्ही लगेच जात काढलीत.

नाका नंबर सात:
मी काढली नाही, ती तिथेच बसली होती. माझ्या आज्याला 'हरिजन' म्हणणारेही प्रेमानेच म्हणायचे. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

शुद्धलेखनभास्कर:
प्रत्येक धाग्यावर हेच. एक साधा शब्द लिहायची चोरी झाली आहे. आणि मग 'क्वीअर'चं काय? ती तर तिकडे शिवीच होती ना?

नाका नंबर सात:
होती. ज्यांना दिली जायची त्यांनीच उचलून कपाळावर लावली. तुमच्या लक्षात येतंय, फक्त उशिरा.

शुद्धलेखनभास्कर:
बरं बाबा, ब्लॅक. ब्लॅक, ब्लॅक, ब्लॅक. झालं समाधान? 'अल्बम'ला मात्र 'गीतसंच' म्हणणार, त्यावर कुणाचा आजा आडवा येत नाही.

टेनर अण्णा:
तुमचा शब्दकोश मिटला असेल तर नावाकडे बघा. डीकन, म्हणजे चर्चमधलं एक पद. आमच्या मराठी बायबलात 'सेवक'.

मी नगरकडच्या एका चर्चमध्ये बारा वर्षं टेनर, म्हणजे पुरुषांची वरची पट्टी, गायलो. शेजारी उभा राहायचा तो माझा दोस्त, आवाज माझ्याहून सरस. त्याचं आणि एका मुलाचं काहीतरी आहे असं कुणीतरी कमिटीच्या कानावर घातलं. कुणी भांडलं नाही, ओरडलं नाही. पुढच्या रविवारी त्याची गाण्यांची वही दुसऱ्याच्या हातात होती, हा मागच्या बाकावर. डिसेंबरात टेनर कमी पडले तेव्हा निरोप आला, 'नाताळपुरता ये.' आला. गायला. जानेवारीत परत मागचा बाक.

मीही तेव्हा तोंड उघडलं नाही, ते जाऊ द्या. पण हा गडी मलिक, अमीर अशी पुरुषांची नावं गाण्यांना देतो आणि त्या सगळ्यावर शीर्षक लावतो 'डीकन'. ज्याला मागच्या बाकावर बसवतात त्याला त्याने थेट वेदीपाशी नेऊन उभं केलंय. तेही आवाज न चढवता. पंत, तुम्हाला यात फोडणी लागत नसेल तर जीभ दाखवून घ्या कुणाला तरी.

धोंडोपंत:
अण्णा, तुमच्या दोस्ताची गोष्ट वाचून गप्प बसलो होतो. पण दोस्ताची गोष्ट चांगली म्हणून अल्बम चांगला ठरत नाही.

शेवटचं, साम्फा आणि लिल सिल्वाबरोबरचं गाणं परत लावलं. ते चांगलं आहे. ते चांगलं आहे हे मी आधीही म्हणणारच होतो. बाकीची दहा बासुंदीच.

चहाबाज:
म्हणजे पंतांच्या हिशेबाने तीन मिनिटांचा अल्बम. अजूनच महाग पडला.

पायमोजा:
'किती वेळा सांगायचं' याचं उत्तर राहिलं.

आमच्या दाराबाहेर चपलांचे सात जोड असतात, सगळे नऊ नंबर. समोरच्या काकूंनी पहिल्याच वर्षी विचारलं, 'सख्खे की चुलत?' मी घाबरून 'चुलत' म्हणालो. आता चार वर्षं आम्ही चुलत आहोत, दिवाळीचा फराळही 'दोघा भावांना' म्हणून येतो. गेल्या पावसात त्याच्या कोल्हापुरी भिजल्या, तो माझ्या घालून ऑफिसला गेला. त्या दिवशी मी ते मापाचं गाणं किती वेळा लावलं ते विचारू नका. तर पंत, एकदा तरी सांगायला मिळालं की मग मोजू किती वेळा ते.

धोंडोपंत:
चार वर्षं? मी चहाला आलो होतो तेव्हा मला 'रूम पार्टनर' म्हणाला होतात.

पायमोजा:
हो. तुम्ही तेव्हा 'सॉइल'वर बोलत होतात. मध्ये बोलायला जागा नव्हती.

धोंडोपंत:
रविवारी येतो. अल्बम लावायचा नाही.