मदत हवी आहे: अल्पवयीन मुलांनी गाड्या फोडल्या, एफआयआर नाही. रिक्षावाल्या काकांना भरपाई कशी मिळेल?

नमस्कार. आमची सोसायटी धायरीत. मागच्या आठवड्यात रात्री चार मुलांनी रस्त्यावर लावलेल्या गाड्या फोडल्या. सीसीटीव्हीत चेहरे स्पष्ट दिसतात. शेजारच्याच वस्तीतली, सोळा-सतरा वर्षांची पोरं. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी त्यांना आईवडिलांसकट बोलावून समज दिली, स्टेशन डायरीला नोंद केली, बाल न्याय मंडळाकडे अहवाल पाठवतो म्हणाले. एफआयआर केला नाही.

कालच्या बैठकीत यावरून कडाक्याचं भांडण झालं. "पोलिसांनी मिटवलं. धिंडच काढायला हवी होती." कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्यांना पोलीस त्याच भागात फिरवतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, तेच इथेही व्हावं ही अपेक्षा. त्यात मे २०२४ चा कल्याणीनगरचा अपघात कोणी विसरलेलं नाही. दोन जीव गेले आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन! हा राग मला पूर्ण समजतो. पण श्रीमंताच्या मुलाला सवलत मिळाली म्हणून वस्तीतल्या मुलांची धिंड काढा, हे मला पटत नाही. तपास करणाऱ्या फौजदार मॅडम शांतपणे, नीट बोलल्या. त्यांच्याविरुद्ध अर्ज करायला माझा विरोध आहे.

माझी काळजी वेगळीच आहे. कारवाल्यांचं कसंही निभेल. आमच्या गेटशी रिक्षा लावणाऱ्या काकांची पुढची काच फुटली, हूड फाटलं, धंदा बंद आहे. विमा कंपनी पोलिसांचा कागद मागते. एफआयआर नाही तर काय द्यायचं? आणि मुलांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरताहेत, ते चालतं का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, फोटो आजच काढायला लावा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: अशा मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुपवरचे काका-मामाच अडकतील.

एफआयआर न करणं ही मॅडमची मेहेरबानी नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आहे की किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल किंवा सज्ञान माणसासोबत मिळून केलेला असेल, तरच अल्पवयीनावर एफआयआर. एरवी डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमी अहवाल मंडळाकडे. तोडफोड सात वर्षांत बसत नाही. मात्र चौघांपैकी एखाद्याने अठरा पूर्ण केली असतील तर चित्र बदलतं. वयाचे दाखले पाहिलेत का, एवढं नक्की विचारा. धिंड तर कुठल्याच कायद्यात नाही, सज्ञानांचीही नाही.

काकांची पॉलिसी आधी बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या रिक्षाचं काही मिळणार नाही. फर्स्ट पार्टी असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत काच बदलू नका. काकांच्या नावाने नुकसानीचा वेगळा लेखी अर्ज ठाण्यात द्या, पोच घ्या, डायरीतल्या नोंदीचा दाखला मागा.

धागाकर्ती:

खूप आभार. पॉलिसी काकांच्या मुलाकडे आहे, संध्याकाळी बघते. अर्जात गॅरेजचं अंदाजपत्रक जोडायचं की फक्त फोटो पुरतील?

प्रतिसाद:

दोन्ही जोडा. अंदाजपत्रकावर गॅरेजचा शिक्का आणि तारीख हवी. बुडालेल्या रोजच्या कमाईचा आकडाही अर्जात लिहा. मंडळ पालकांना दंड भरायला सांगू शकतं, तेव्हा काकांचं नुकसान कागदावर आलेलं असू दे.