फळ चाखण्याआधी: अळू की गेळ?

पाटणजवळच्या उतारावरचं काटेरी झाड अळूचं आहे का, असा प्रश्न फोटोसह विचारलाय. वरच्या उत्तरांत दोघांनी ‘हो, बिनधास्त खा’ म्हटलंय. कृपया जरा थांबा. अळू (भाजीचं नव्हे, फळाचं) आणि गेळ ही एकाच कुळातली झाडं. दोन्ही काटेरी, दोन्हींची पानं समोरासमोर, फळं लिंबाएवढी. फसगत सहज होते. पण गेळ म्हणजे आयुर्वेदातलं मदनफळ, उलटी करवण्यासाठी देतात ते!

फळाचं टोक बघा. गेळाच्या टोकाला फुलाच्या निदलाची (पाकळ्यांखालच्या हिरव्या भागाची) नळी मुकुटासारखी टिकून राहते, डाळिंबाची आठवण यावी तशी. अळूवर जेमतेम गोल खूण असते. मग फळ कापा. अळूत चार-पाच टणक आठळ्या मिळतात, गेळाच्या गरात बारीक बियांचा गच्च गोळा. फुलं असतील तर कामच सोपं: गेळाची पांढरी, सुवासिक, जुनी होताना पिवळी पडणारी, अळूची बारीक, हिरवट, पेरांशी (फांदीवर पानं फुटतात तिथे) झुबक्याने.

जागाही थोडं सांगते. गेळ उघड्या, कोरड्या डोंगरउतारावर भरपूर. अळू मला कोयनेकडे आणि शिराळ्याच्या पश्चिमेला, दाट रानाच्या कडेला जास्त भेटलं. आमची आजी कच्ची अळवं गवतात पिकत घालायची. साल तपकिरी झाली की आतला गर चिकूसारखा मऊ, आंबटगोड.

तुमच्या फोटोत फळाचं टोक पानाआड गेलंय. तेवढा एक जवळून फोटो टाका ना, आणि कापलेल्या फळाचाही.