पतसंस्थेबाहेर रांग लागलीय, आईची ठेव काढू का? आणि यावर कुणी खरा अभ्यास केलाय का?

खाडीकाठ_राजापूर

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यातला, नोकरीला ठाण्यात. गेल्या गुरुवारी रात्री आमच्या गावकरी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज आला की बाजारपेठेतल्या पतसंस्थेचे पैसे संपलेत, सोमवारपासून काही मिळणार नाही. मेसेज कोणाचा ते कोणालाच माहीत नाही. शुक्रवारी सकाळी साडेआठला आईचा फोन, बाहेर दीडशे माणूस उभा आहे, वाडीतली सगळी गेली, मी काय करू?

आईची तिथे चार लाखांची एफडी आहे, बाबांच्या ग्रॅच्युइटीतले पैसे. संस्था जुनी आहे, आमच्या काजूच्या कारखान्याला पहिलं कर्ज तिथूनच मिळालं होतं, मॅनेजर घरच्यासारखे. पण रांग बघितली की पोटात गोळा येतो हो. शुक्रवारी त्यांनी प्रत्येकाला दहा हजार दिले आणि बाकीचे सोमवारी सांगितलं.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे सरळ, काढू की नको. आणि दुसरी, मी दोन रात्री हाच विचार करतोय की रांगेत उभी असलेली माणसं मूर्ख नाहीत, त्यात आमचे निवृत्त हेडमास्तर आहेत, दोन बागायतदार आहेत ज्यांना पैशाचं मुंबईकरांपेक्षा जास्त कळतं, मग असं का होतं? अर्थशास्त्रात यावर कोणी आकडे घेऊन अभ्यास केलाय का, की नुसतं 'अफवांवर विश्वास ठेवू नका' एवढंच आहे?

जुना_कॅशियर

दादा, आधी महत्त्वाचं. पतसंस्था आणि बँक यात गल्लत करू नका. सहकारी बँक असेल, अर्बन किंवा जिल्हा मध्यवर्ती, तर ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेवविमा महामंडळाचा, विमा असतो, एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज धरून पाच लाख, सगळ्या शाखा मिळून. हा आकडा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच झाला, त्याआधी १९९३ पासून तब्बल सत्तावीस वर्षं एक लाखच होता. आणि सुरुवातीला, १९६२ ला, फक्त दीड हजार रुपये! ही योजनाच मुळात आली ती १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडल्यानंतर. २०२१ ला कायदा बदलला तेव्हापासून बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची असा नियम आहे, आधी वर्षानुवर्षं जायची. प्रीमियम बँक भरते, आपण नाही.

पण पतसंस्थेला यातलं काही नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येतच नाही, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते, वर सहकार खातं. बोर्डावर 'बँक' असा शब्द नसतो पण काउंटर, पासबुक, एफडीची पावती सगळं बँकेसारखं, त्यामुळे गावात माणसं सरसकट बँकच म्हणतात. मी ३१ वर्षं काउंटरला बसलो, माझ्यासमोर लोकांनी हा फरक विचारलाय असं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा झालंय, आणि आम्हीही आपणहून सांगितलं नाही याचं मला आज वाईट वाटतं.

सुरंगी_मालवण

खरा सांगू? आमच्याकडे असाच झालेला. कोणीतरी सांगल्यान सोसायटी बुडाली, सकाळी लायन. मी पण उभी रवलंय. माका ठावक होता की सोसायटी बरी हा, पण शेजारची काढून घेतल्यान तर माझे रवतले काय? ह्या एकच मनात. माझे पैशे मिळाले, मागच्या लोकांका चार महिने थांबाक लागला. आजून माका त्या बायांच्या तोंडाकडे बघूक कसासाच होता.

कलमबाग_रत्नागिरी

सुरंगीताईंनी चार ओळीत जे लिहिलंय ना, त्याच्यावर २०२२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालंय, मी अतिशयोक्ती करत नाही. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांचा १९८३ चा पेपर, नोबेलचे तिसरे मानकरी बेन बर्नान्के. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि हा पेपर मी मुलांना आंब्याने शिकवतो.

असं बघा, पतसंस्था तुमच्याकडून कधीही मागता येणारे पैसे घेते आणि लांब मुदतीला देते. बागायतदाराला सप्टेंबर-ऑक्टोबरात फवारणीला देते, ते मे महिन्यात हापूस विकला की परत येतात. होडीचं इंजिन, काजूचा बॉयलर, ते तर पाच-पाच वर्षं. म्हणजे पैसा कुठेही गेलेला नाही, पैसा झाडावर आहे. आता जानेवारीत सगळे एकदम मागायला आले तर? बागायतदाराला म्हणायचं आत्ता फेड, तो काय करणार, मोहोराची बाग कमी भावात व्यापाऱ्याला खंडाने देऊन टाकणार नाहीतर पुढे कैरी उतरवून विकणार. हापूसच्या पेटीचे पैसे आणि कैरीच्या पोत्याचे पैसे यात किती फरक असतो ते इथे कोणाला सांगायला नको. म्हणजे धडधाकट संस्था सुद्धा फक्त घाईमुळे तोट्यात जाते, आणि तोट्यात जाणार हे माहीत असलं की रांगेत पहिलं उभं राहणं हेच शहाणपणाचं ठरतं. डायमंड-डिबविग म्हणतात की दोन्ही गोष्टी आपापल्या जागी टिकतात, कोणी आलं नाही तर कोणी यायची गरज नाही, आणि सगळे आले तर न येणारा बुडतो. तुमचे हेडमास्तर मूर्ख नाहीत, ते बरोबर हिशोब करतायत. त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे ठेवविमा, कारण पैसे मिळणारच हे पक्कं असलं की रांगेत उभं राहायचं कारणच उरत नाही. आणि तोच नेमका पतसंस्थेला नाही.

पण हा झाला सिद्धांत. तुम्ही आकडे विचारलेत, तर आकड्यांचा सगळ्यात सुंदर अभ्यास आपल्या शेजारी गुजरातेतला आहे.

२००१ च्या मार्चमध्ये माधवपुरा मर्कंटाइल ही मोठी सहकारी बँक घोटाळ्यात कोसळली. तिच्याशी काही देणंघेणं नसलेल्या दुसऱ्या एका सहकारी बँकेवर लोक तुटून पडले. राजकमल अय्यर आणि मंजू पुरी या दोघांनी त्या दुसऱ्या बँकेतला एकेक खातेदाराचा एकेक व्यवहार घेतला, कोण आलं, कधी आलं, किती काढले, आणि २०१२ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत पेपर छापला. त्यात काय दिसलं तर विम्याच्या मर्यादेच्या वर ज्यांचे पैसे होते, तेव्हा मर्यादा एक लाख, ते जास्त धावले हे अपेक्षितच, पण विमा असलेले पण धावले, म्हणजे विमा अर्धवटच काम करतो. ज्यांचं खातं जुनं ते कमी धावले. ज्यांनी त्या बँकेकडून कर्ज घेतलेलं ते कमी धावले.

आणि माझा आवडता भाग. तेव्हा खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागायची, फॉर्मवर सही. त्यांनी ती 'ओळख' घेऊन जाळं बनवलं, कोणी कोणाची ओळख दिली. एकाच माणसाच्या ओळखीने आलेल्यांपैकी काही जणांनी पैसे काढले की त्याच ओळखीतले बाकीचे पण येतात. शेजारपाजारचंही तसंच. मेसेज आला की माणूस धावतो असं नाही, आपल्यातला कोणीतरी गेला की धावतो. शेवटी वाईट वाटणारी गोष्ट, बँक चांगली होती, टिकली, तरी जे गेले ते बहुतेक परत आले नाहीत.

लालबाग_ते_लांजा

सर, पटतंय, पण एक टोचतं. माझे सव्वा दोन लाख २०१९ ला मुंबईतल्या एका सहकारी बँकेत अडकले. माझं खातं १४ वर्षं जुनं, मॅनेजरला दिवाळीला फराळ द्यायचो, मी 'जुना खातेदार' म्हणून धावलो नाही, आणि बँक आतून खरंच पोकळ होती. विश्वास ठेवणाऱ्याचं नुकसान झालं. तुमच्या पेपरात जुने लोक थांबले ते बरोबर ठरले कारण बँक चांगली होती. नसती तर?

कलमबाग_रत्नागिरी

तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी लागलाय, आणि तुमचं जे झालं त्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. याचंही उत्तर त्याच बँकेत मिळालं, कारण त्याच बँकेवर २००९ मध्ये दुसरी वेळ आली आणि यावेळी ती खरंच डबघाईला आलेली होती. अय्यर, पुरी आणि निकोलस रायन यांनी दोन्ही वेळा शेजारी ठेवून बघितल्या, २०१६ चा जर्नल ऑफ फायनान्समधला पेपर. आणि चित्र उलटं. २००१ ला जे थांबले होते, म्हणजे कर्जदार ठेवीदार आणि बँकेचे स्वतःचे कर्मचारी, तेच २००९ ला इतरांपेक्षा जास्त संख्येने पैसे काढून गेले. का? कारण त्यांना आतलं कळत होतं. तुमच्यासारखा नुसता जुना खातेदार आणि आतलं माहीत असलेला माणूस यात हा फरक आहे. फराळ देऊन ताळेबंद कळत नाही हो.

म्हणून मी खाडीकाठ यांना 'घाबरू नका' पण म्हणणार नाही आणि 'धावा' पण नाही. रांगेत कोण आहे ते बघा. संस्थेतली क्लार्क मुलगी, पिग्मी एजंट, ज्यांचं मोठं कर्ज चालू आहे ते बागायतदार, यांच्या ठेवी जागच्या जागी आहेत का? त्यांनी मागच्या दोन-तीन महिन्यांत गुपचूप काढल्या असतील तर तो व्हॉइस मेसेजपेक्षा मोठा निरोप आहे.

अजून एक, गावकरी मंडळाच्या ग्रुपवरून आठवलं. १८५४ आणि १८५७ ला न्यूयॉर्कमध्ये आयरिश लोकांच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेवर अशीच झुंबड उडाली. मॉर्गन केली आणि कॉर्मक ओ ग्राडा यांनी जुनी खातेबुकं काढून शोधलं की कोण पळालं आणि कोण थांबलं, तर आयर्लंडमधली कुठली काउंटी, यावर बरंच ठरत होतं. न्यूयॉर्कला येऊन सुद्धा माणूस ऐकत होता आपल्याच गावाकडच्याचं. गिरगाव-लालबागच्या चाळीतलं गावकरी मंडळच की हे.

लालबाग_ते_लांजा

आयरिश लोकांचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या मंडळाच्या खोलीत पण असंच, एकाने सांगितलं की पन्नास जणांचं ठरतं. आता तर मोबाइल, रांग पण दिसत नाही. अमेरिकेत २०२३ च्या मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला लोक निघाले होते, ते सगळे घरी बसून. त्यामानाने राजापूरला साडेआठला माणसं उभी दिसतात, एकमेकांशी बोलतात, हे बरंच म्हणायचं.

जुना_कॅशियर

सरांनी सांगितलेलं बरोबर आणि त्याला माझ्याकडून कागदाची जोड. आई सभासद असतील तर वार्षिक अहवाल मागायचा त्यांना हक्क आहे. ऑडिट वर्ग बघा, अ, ब, क, ड. अ असेल तरी डोळे झाकू नका पण क-ड असेल तर विचारात पडा. ठेवी किती आणि त्यातल्या कर्जाऊ किती. थकबाकी तीन वर्षांत कशी चढली. जिल्हा बँकेत गुंतवणूक किती ठेवलीय, कारण सोमवारी द्यायचे पैसे तिथूनच येणार आहेत. आणि न लाजता विचारा, संचालक आणि त्यांच्या घरच्यांकडे किती कर्ज आहे. हा प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस कसा बघतो त्यावरून मला निम्मं कळायचं.

मुदतीआधी एफडी मोडली तर व्याज कापतात, तेही विचारून घ्या.

खाडीकाठ_राजापूर

सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी रात्रीची गाडी पकडून गावी आलो. सरांचं सगळं आईला वाचून दाखवलं, गुजरातच्या 'ओळखी'चा भाग आला तशी ती गप्प झाली. मग म्हणाली, अरे वाडीतल्या अकरा घरांच्या फॉर्मवर माझीच सही आहे, बचत गट सुरू केला तेव्हा मीच सगळ्यांना तिथे नेलं. म्हणून त्या बाया शुक्रवारी आधी आमच्या पडवीत येऊन विचारून गेल्या होत्या, 'काकी, तुम्ही काढताय काय?' मी ठाण्यात बसून फक्त चार लाखांचा हिशोब करत होतो.

आज काजूवाले दोघं आणि पिग्मीवाला दादा यांना भेटलो, तिघांच्या ठेवी आहेत तशा आहेत, पिग्मीवाल्याने स्वतःची पासबुकं न मागता काढून दाखवली. अहवाल उद्या सकाळी दहाला द्यायचं मॅनेजरनी कबूल केलंय. आईने ठरवलंय की अहवाल बघितल्याशिवाय काढायचं नाही, आणि बघायला त्या अकरा घरांतली एकेक बाई बरोबर येणार. ठेवीची मुदत एप्रिलमध्ये संपते, तेव्हा त्यातले दोन लाख विमा असलेल्या बँकेत न्यायचे हे मात्र आमचं नक्की झालंय, बाबांचे पैसे आहेत.

कॅशियर काका, आई विचारतेय की थकबाकी ताळेबंदातच असते की वेगळा तक्ता असतो? तिला चष्मा लावून स्वतः वाचायचंय.

जुना_कॅशियर

ताळेबंदात डाव्या बाजूला ठेवी आणि उजव्या बाजूला येणे कर्ज एवढंच ठळक दिसेल. त्यात थकलेलं किती ते कळत नाही. एनपीएच्या, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या, वर्गवारीचा तक्ता वेगळा असतो, बहुतेक ठिकाणी ऑडिट रिपोर्टच्या मागे जोडलेला. अहवालात छापला नसेल तर वहिनींना सांगा, 'ऑडिट मेमो दाखवा' असं म्हणायचं, आणि मागच्या दोन वर्षांचे पण मागायचे. मी उद्या दहा वाजता फोनजवळ आहे, अडलं तर इथेच लिहा.