कंपाउंड वॉलवर न्यूयॉर्कची अक्षरं आणि जपानी लाटा, जमवायचं कसं?

खाडीकाठ_ऐरोली
मंडळी, सोसायटीच्या कंपाउंड वॉलची आतली बाजू रंगवायची आहे. लांबी ३० फूट, उंची ८ फूट. प्लास्टर जुनं आहे आणि खालच्या दोन फुटांत पांढरा खार फुटतो. मधोमध देवनागरीत ‘ऐरोली’, न्यूयॉर्कच्या ट्रेनवर असायची तशी वाइल्डस्टाइल (एकमेकांत गुंतलेली, बाण फुटलेली) अक्षरं. खाली खवल्यांच्या जपानी लाटा, वर फ्लेमिंगो. सगळं स्प्रेने करणं परवडणार नाही. दोन शैलींची ठिगळं दिसू नयेत म्हणून काय करायचं? खवले आखायचे कसे? लाटांना जपानी चित्रकार होकुसाईचा तो प्रशियन ब्लू (गडद निळा) चालेल का?

कॅन_आणि_कुंचला
न्यूयॉर्क आणि जपानची ही देवाणघेवाण जुनी आहे. १९८३मध्ये ‘वाइल्ड स्टाइल’ चित्रपटाबरोबर न्यूयॉर्कचे ग्राफिटीवाले आणि ब्रेकडान्सर जपानला गेले. १९८७मध्ये न्यूयॉर्कचा चित्रकार कीथ हॅरिंगने तोक्योजवळच्या तामा शहरात मुलांना घेऊन चित्र रंगवलं. उलट दिशेने तोक्योची आयको न्यूयॉर्कला गेली आणि २०१२मध्ये तिने हाउस्टन स्ट्रीट-बॉवरीच्या प्रसिद्ध भिंतीवर स्टेन्सिल आणि स्प्रेने काम केलं. यातलं टिकलं ते तंत्र घेणाऱ्यांचं. ड्रॅगन आणि पंखे चिकटवले की हॉटेलची भिंत होते.

तंत्रातला खरा फरक बाह्यरेषेत आहे. जपानी लाकडी ठशांच्या छपाईत काळ्या रेषेचा ठसा आधी, रंग नंतर. ग्राफिटीत फिकट स्केच, मग भरणी, आणि बाह्यरेषा अगदी शेवटी. भिंतीवर ग्राफिटीचाच क्रम पाळा, पण अक्षरं, लाटा आणि पक्षी या तिन्हींना एकच गडद रंग आणि एकच जाडी द्या, अडीच-तीन सेंटिमीटर. ठिगळं जातात ती इथे. शिवाय लाटांचा वरचा भाग अक्षरांच्या पायावर चढू द्या. तीन आडवे पट्टे करून ठेवू नका.

शिरोरेषा मात्र सलग हवी. वाइल्डस्टाइलमध्ये रोमन अक्षर कितीही मुरडलं तरी चालून जातं. देवनागरीची शिरोरेषा तीन ठिकाणी तुटली की ‘ऐरोली’ कुणालाच वाचता येणार नाही. बाण काढायचाच तर तिच्या टोकाला.

फ्लेमिंगो स्टेन्सिलने काढा. डोळ्याचा सुटा तुकडा गळून पडतो, म्हणून १ सेंटिमीटरचे दोन बंध ठेवा आणि नंतर कुंचल्याने बुजवा. जपानी कातागामीत (कापड रंगवायच्या कागदी स्टेन्सिलमध्ये) असे सुटे तुकडे रेशमी धाग्यांनी धरलेले असत.

मोजपट्टी
खवल्यांचं गणित (या नक्षीला सेगाइहा म्हणतात). ३० फूट म्हणजे ९१४ सेंमी. खवल्याची त्रिज्या ३०.५ सेंमी घ्या, एका ओळीत १५ खवले बरोबर बसतात. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा त्रिज्येच्या निम्मी, म्हणजे १५.२५ सेंमी खाली आणि ३०.५ सेंमी बाजूला सरकते. सर्वांत वरच्या ओळीचे मध्यबिंदू जमिनीपासून ६१ सेंमीवर धरले तर पाच ओळी होतात आणि लाट तीन फुटांवर संपते. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत १४ पूर्ण, दोन्ही टोकांना अर्धे.

सुतळीने वर्तुळ काढू नका, ती ताणली जाते. लाकडी पट्टीला एका टोकाला खिळा, तिथून १०, २० आणि ३०.५ सेंमीवर भोकं, त्यात खडू. आखताना खालून वर जा: वरच्या ओळीची कमान खालच्या खवल्याला टेकली की थांबवायची, पुसापुशी वाचते. जमिनीची फरशी सपाट असतेच असं नाही, त्यामुळे आधी पाण्याच्या नळीने लेव्हल मारून घ्या.

ओल_आणि_लोणा
प्रशियन ब्लू नको. कागदावर तो सुरेख, पण सिमेंट आणि चुन्याच्या अल्कलीत तो टिकत नाही, तपकिरी पडतो. बाहेरच्या इमल्शनमध्ये थॅलो ब्लू मिसळा. फ्लेमिंगोला फ्लुरोसंट गुलाबीही नको, उन्हात तो फार लवकर उडतो.

खार कोरड्या तारेच्या ब्रशने काढा. धुतलात तर तो विरघळून परत आत जातो. मग दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आत दव दिसलं तर अजून थांबा. खालच्या दोन फुटांत पुट्टी नको. वर क्लिअर कोट तर नकोच: ओल आतून येते, वाट बंद झाली की फुगे धरतात आणि पापुद्रे सुटतात.

खार तरीही थोडा फुटेलच. म्हणून जपानी बोकाशी, म्हणजे एका टोकाला गडद करून विरवत नेलेला रंग, इथे वरून खाली वापरा: लाटेच्या माथ्याला गडद निळा, पायथ्याशी जवळजवळ पांढरा. पांढऱ्यावर पांढरा डाग दिसत नाही. निळ्याच्या चार छटा आधीच कालवून ठेवा आणि सकाळी नऊच्या आत भरा. ऊन चढलं की इमल्शन कुंचल्याखालीच सुकतं आणि जोड दिसतात.

खाडीकाठ_ऐरोली
झकास! मग कॅन किती लागतील?

कॅन_आणि_कुंचला
४०० मिलीचा एक कॅन साधारण २० चौरस फुटांची एक भरणी करतो. २४० चौरस फुटांना एका हातालाच डझनभर जातील. भरणी रोलरने करा: प्रायमर अडीच लिटर, इमल्शन दोन हातांना पाच लिटर. बाह्यरेषा आणि अक्षरांतल्या छटांना आठ-दहा कॅन पुरतात. इमल्शनवर २४ तास स्प्रे मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट ओला थर उचलतं. बारीक रेषेला स्किनी कॅप (अरुंद फवाऱ्याची नोझल), भिंतीपासून ५ सेंमी, हात न थांबवता. थांबलात की ओघळ. गाड्यांच्या टचअपचे स्वस्त कॅन पातळ असतात, त्यांनी तर हमखास. प्रत्येक वेळी कॅन उलटा धरून दोन सेकंद दाबा, नाहीतर उद्या नोझल चोंदलेली मिळेल.

आणि आतली बाजू असली तरी कमिटीची परवानगी लेखी घ्या. रस्त्याकडची बाजू पुढे कधी काढलीत तर विद्रूपीकरणाविरुद्धचा १९९५चा कायदा आहे, तेव्हा आधी महापालिकेत विचारा.