मेपलचा दस्ता: तेजाब, डाय की नुसतं तेल?

रंकाळाकाठ: भाच्यानं अमेरिकेतनं आणलेल्या मेपलच्या फळीतनं एअर रायफलीचा दस्ता घडवला. लाकडात आडवे पट्टे, वाघाच्या अंगावर असतात तसे. ते उठून दिसायला काय लावू, असं ज्याला त्याला विचारलं तर उत्तर एकच, डाय (लाकडात मुरणारा रंग) मार. माझ्या मते डाय हे फर्निचरचं काम. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे जुने लाँग रायफलवाले, म्हणजे लांब नळीच्या बंदुका घडवणारे, नायट्रिक अ‍ॅसिडात (तेजाबात) लोखंड विरघळवून तेच लाकडाला लावायचे. उरलेल्या तुकड्यावर करून बघितलं. वाळल्यावर हिरवट-राखाडी, शेवाळल्यागत. बायको म्हणाली, "घालवलंत की वाया!" मग हॉट एअर गन फिरवली तसं डोळ्यांदेखत तांबूस तपकिरी झालं आणि पट्टे उठले. डायला हे जमतंय का?

पेठेतला: जमतंय भावा. पट्ट्यात लाकडाचे तंतू वळलेले असतात, त्यांची तोंडं वर येतात, तिथं रंग खोल मुरतो. गडद डाय लावून वाळव, 320 नंबरच्या पॉलिश पेपरनं घास. सपाटीचा रंग निघतो, पट्ट्यातला राहतो. वरनं मधाच्या रंगाचा हात. बिघडलं तर परत घासता येतं. तुझं ते तेजाब हुपरीच्या चांदीवाल्यांना विचार. लोखंड टाकलं की तांबडा धूर सुटतो, तो छातीत गेला की मग पट्टे बघत बस दवाखान्यात.

रंकाळाकाठ: धूर खरा. मी गच्चीवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहून केलं, हातमोजे घालून. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसलं, नाहीतर राहिलेलं अ‍ॅसिड पुढं लाकूड काळवंडत नेतं. पण तुझा डाय उन्हानं उडतो, त्याचं काय?

दुधाळीवाला: रेंजवर मॅच (स्पर्धेच्या) रायफलींचे दस्ते अ‍ॅल्युमिनियमचे, आणि तुमचं लाकडावर भांडण. चालू द्या 😄

रंधा: दोघंही मूळ काम सांगेनात. आधी ओलं फडकं फिरवा, वाळू द्या, उभी राहिलेली तंतूंची कूस 320 नं हलकी काढा. दोन-तीनदा. ते न करता काहीही लावलं तरी हाताला खरखर लागणारच. आणि एवढ्या देखण्या लाकडाला रंग हवा कशाला? डबल बॉइल्ड जवसाचं तेल, तळहातानं, गरम होईस्तोवर चोळून. थर पातळ, दोन थरांत एक-दोन दिवस. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर चार दिवस चिकट राहतं, म्हणून आत्ता घाई नको. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.

पेठेतला: नुसत्या तेलानं मेपल फिक्कटच राहतो काका. पट्टे दिसतात, पण उठत नाहीत.

रंकाळाकाठ: एकाच तुकड्यावर तिन्ही करतो, अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून गच्चीवर ठेवतो. पाऊस गेला की. पुठ्ठा तुम्हीच येऊन उचला.